बनगरवाडीचा मास्तर आणि आपला जिल्हा

कादंबरीवरून चित्रपट काढण्याची रीत मराठीत जुनी आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला. पुढे 'सिंहासन', 'नटरंग', 'शाळा' अशी कितीतरी नावे घेता येतील. पण आदिलाबादच्या मराठी घरांना त्यातला सर्वांत जवळचा कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही अमोल पालेकरांच्या 'बनगरवाडी'चे (१९९५) नाव घेऊ.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातल्या माणदेशात, धनगरांच्या एका वाडीवर राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर रुजू होतो. शाळा बंद पडलेली, मुले मेंढरांमागे. वाडीचा म्हातारा कारभारी पाठीशी उभा राहतो, तेव्हा कुठे पाट्या हातात येतात. पुढे सारी वाडी राबून तालीम बांधते आणि खुद्द राजेसाहेब ती पाहायला येतात. (औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्काराचे वेड ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे बिऱ्हाड उचलून निघून जातात, आणि मास्तराला शिकवायला मूल उरत नाही.

पटकथा माडगूळकरांनीच लिहिली. कारभारी झाले चंद्रकांत मांढरे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुस्तकात मास्तर स्वतःच बोलतो, त्याचे मन आपल्याला आतून दिसते. पडद्यावर ते थोडे हरवते, हे कबूल केले पाहिजे. त्याबदली तो उघडा माळ दिसतो आणि ती बोली कानावर पडते.

आता आपल्याकडचे पाहा. औंधचा मास्तर धनगरांच्या पोरांना मराठी अक्षरे गिरवायला लावत होता, त्या काळात निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. मराठी टिकली ती घरात, पोथीत आणि पत्रांत. मात्र वाडीवरच्या मास्तराची गोष्ट आपल्या डोंगरातही घडली. १९४०मध्ये जोडेघाटला कोमराम भीम पडले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवला, आणि १९४३मध्ये मारलवाई इथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. तिथली पहिली वाचनमाला गोंडी भाषेत होती, लिपी मात्र देवनागरी. आमच्या मते या जिल्ह्याच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण मराठी माणसे ती क्वचितच सांगतो.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले. सोयरे पलीकडे, आपण अलीकडे. आज आपली नातवंडे तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, घरातली मराठी कळते. पण मराठी पुस्तकाची दोन पाने पुढे सरकत नाहीत. कपाटातली 'बनगरवाडी' म्हणून कपाटातच राहते.

चित्रपट ही मुले सहज पाहतील. यंदा उत्सवातली एक संध्याकाळ, आरतीनंतर, त्यासाठी ठेवावी असे आम्ही सुचवतो. माणदेशी बोली आपल्या वऱ्हाडी-मराठवाडी वळणाच्या कानांना सुरुवातीला परकी वाटेल. तिथे वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून शब्द सांगावेत. पुस्तक लहानसेच आहे. दुसऱ्या दिवसापासून रोज एक-दोन प्रकरणे मोठ्याने वाचली, तर अनंत चतुर्दशीच्या आत बरेचसे होईल.