स्वयमारंभ, संगणकीय सेवांचा

संगणकास विद्युत् पुरवठा मिळून परिचालन प्रणाली स्मृतीत उतरल्यानंतर, कोणी माणूस समोर नसताना, संकेतस्थळे, टपाल, डेटाबेस इत्यादींची कामे करणाऱ्या आज्ञावल्या आपोआप चालू होतात. या क्रियेस स्वयमारंभ म्हणतात. घरगुती संगणकावर तिचे महत्त्व मर्यादित असते. एखादी आज्ञावली चालू झाली नाही, तर वापरणारा ती स्वतः चालू करतो. सर्व्हर मात्र बहुधा कुलूपबंद खोलीत असतो. रात्री वीज जाऊन परत आली, तर सकाळपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही, आणि त्यावर विसंबून असलेल्या बँकेचे वा रुग्णालयाचे काम तो स्वतःहून पूर्ववत होतो की नाही यावर ठरते. आज्ञावली चालू करणे हा प्रश्नाचा सोपा भाग होय. तिला जिची गरज आहे ती दुसरी आज्ञावली खरोखर तयार झाली आहे किंवा नाही, हे ओळखणे अवघड असते. आणि स्वयमारंभाचा इतिहास हा मुख्यत्वे या दुसऱ्या भागाचा इतिहास आहे.

या विषयातील दोन शब्द युनिक्सहून जुने आहेत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ‘सीटीएसएस’ या प्रणालीसाठी लुई पूझँ या फ्रेंच तज्ज्ञाने १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ ही आज्ञावली लिहिली. फाइलीत नोंदवून ठेवलेल्या आज्ञा ती एकामागून एक पार पाडी. ‘आरसी’ हे आरंभ-फाइलींच्या नावांत आजही आढळणारे अक्षरद्वय तिच्याच नावाचा संक्षेप आहे. पडद्याआड अखंड चालणाऱ्या आज्ञावलीस ‘डीमन’ म्हणण्याची प्रथाही त्याच संस्थेतली. वायूचे रेणू निवडून दार उघडझाप करणाऱ्या, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील द्वारपालावरून तो शब्द घेतलेला असून, त्यात सैतानाचा काही संबंध नाही.

केनेथ टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स प्रणाली घडविली. ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘इनिट’ या आज्ञावलीचे वर्णन आहे. प्रणालीचा गाभा स्वतः ही एकच प्रक्रिया चालू करतो. तिचा क्रमांक १ असतो आणि वापरणाऱ्यांच्या बाकी सर्व प्रक्रिया तिच्या वंशातील असतात. प्रत्येक टंकयंत्र-जोडणीसाठी एकेक प्रक्रिया निर्माण करणे आणि वापरणारा निघून गेला की तेथे नवी प्रक्रिया बसविणे, हे तिचे मूळ काम. एखाद्या प्रक्रियेची जनक-प्रक्रिया संपली, तर पोरक्या झालेल्या अपत्याचा सांभाळही हीच करते. एकत्र कुटुंबातील कर्त्यासारखे तिचे स्थान असते. मात्र हा कर्ता गेला, तर गाभा सगळे यंत्रच थांबवितो. पुढील वादाचे मूळ या गोष्टीत आहे.

अन्य सेवा चालू करण्यासाठी लवकरच ‘आरसी’ नावाची एक फाइल आली. तीत आज्ञा ओळीने लिहिलेल्या असत व क्रम व्यवस्थापकाने आपल्या बुद्धीने लावलेला असे. बर्कली विद्यापीठाच्या शाखेने हीच रीत चालू ठेवली. सारा आरंभ एका बैठकीत वाचून काढता येई, हा तिचा मोठा गुण; परंतु प्रत्येक नव्या आज्ञावलीसाठी त्याच फाइलीत हात घालावा लागे. याउलट बेल प्रयोगशाळेच्या मूळ कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘सिस्टिम ५’ मध्ये व तिच्या नंतरच्या आवृत्त्यांत यंत्राच्या अवस्थांना कार्यस्तरांचे क्रमांक मिळाले आणि प्रत्येक सेवेस स्वतंत्र फाइल मिळाली. ‘एस २०’, ‘एस ९१’ अशा नावांवरून सेवा चढत्या क्रमाने चालू होत. ही पद्धत मिकेल फान स्मोरेनबुर्ख यांच्या आज्ञावलीद्वारे लिनक्समध्ये आली व तेथे सुमारे दोन दशके टिकली.

आकड्यांत क्रम सांगता येतो, कारण सांगता येत नाही. ९१ क्रमांकाची सेवा २० नंतर का, हे मूळ लेखकच जाणे. शिवाय चालू केलेली सेवा पडद्याआड गेली, की आरंभ-फाइलीच्या दृष्टीने काम संपले. डेटाबेस अजून आपल्या नोंदी तपासत असताना त्याच्यावर अवलंबून असलेली सेवा चालू होई आणि कोसळे. त्यावर ‘पाच सेकंद थांबा’ अशी ओळ घुसविणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय होता. तो जुन्या यंत्रावर पुरे आणि नव्यावर वेळ फुकट घालवी, किंवा नेमका उलट प्रकार होई.

सेवेनेच ‘मी तयार आहे’ असे कळवावे, ही कल्पना १९९३ च्या विंडोज एनटी प्रणालीत होती. तेथील सेवा-नियंत्रकास प्रत्येक सेवा आपली अवस्था सांगे व सेवांची परस्परावलंबनेही नोंदलेली असत. युनिक्सच्या जाणकारांनी त्या पंथातील वस्तूकडे फारसे आदराने पाहिले नाही, हे नवल नव्हे. युनिक्सच्या घराण्यात नेटबीएसडी १.५ (२०००) मध्ये आकड्यांऐवजी ‘मी अमुक पुरवितो, मला तमुक हवे’ अशा नोंदी आल्या व त्यांवरून क्रम यंत्र स्वतः लावू लागले. सन कंपनीच्या सोलॅरिस १० (२००५) मध्ये मेलेल्या सेवेस पुन्हा उठविण्याची सोय झाली.

त्याच वर्षी ॲपलच्या मॅक ओएस एक्स १०.४ मधील ‘लाँचडी’ने एक वेगळी युक्ती रूढ केली. सेवेचे दार, म्हणजे जेथे मागण्या येतात ते सॉकेट, आरंभ-आज्ञावलीने स्वतःच आधी उघडून ठेवायचे. मागण्या गाभ्यापाशी रांगेत थांबतात आणि सेवा तयार झाली की ती रांग हाती घेते. दोन सेवा एकदम चालू केल्या, तरी बिघडत नाही. क्रमाचा प्रश्न बराचसा उरतच नाही. युक्तीचे बीज बर्कली शाखेच्या ‘इनेटडी’ या जुन्या आज्ञावलीत होते.

लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेल्या ‘सिस्टिमडी’ने हे सर्व धागे लिनक्ससाठी एकत्र केले. फेडोराच्या १५ व्या आवृत्तीने (२०११) ती स्वीकारली. तिच्यात सेवेचे वर्णन काही ओळींच्या फाइलीत मावते. पण त्या ओळींचे अर्थ काटेकोर आहेत. ‘हवे’ व ‘नंतर’ या दोन वेगळ्या नोंदी असून केवळ पहिली दिल्यास क्रम लागत नाही. ‘नेटवर्कनंतर’ असे लिहिले, तरी जोडणी प्रत्यक्ष मिळाली असे नसते. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हे निराळे लक्ष्य मागावे लागते. सेवा आत्ता चालू करणे आणि प्रत्येक आरंभी चालू होईल अशी नोंदविणे, याही भिन्न आज्ञा आहेत. दुसरी द्यायची राहून गेली, तर ती चूक यंत्र पुढच्या वेळी बंद होऊन चालू होईपर्यंत, कधी वर्षभरही, लपून राहते.

सिस्टिमडीवर टीका झाली ती मुख्यतः तिच्या व्याप्तीवरून. नोंदवह्या, वापरणाऱ्यांच्या बैठका, उपकरणांची ओळख अशी अनेक कामे एकाच प्रकल्पाने हाती घेतली. एक काम नेटके करणाऱ्या लहान साधनांची युनिक्सची परंपरा मोडली, असे विरोधकांचे म्हणणे. आक्षेप निराधार नव्हता, तरी पाच सेकंद थांबण्याच्या ओळीला विरोधकांपाशीही सर्वमान्य पर्याय नव्हता. डेबियन प्रकल्पाच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ सदस्यांची मते चार विरुद्ध चार अशी पडली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी निवडली गेली. उबुंटूनेही आपली २००६ पासूनची ‘अपस्टार्ट’ सोडण्याचे काही दिवसांतच जाहीर केले. असंतुष्टांनी त्याच वर्षी ‘डेव्हुअन’ ही स्वतंत्र शाखा काढली.

तयारी कळविण्याचा निरोप हा या साऱ्या व्यवस्थेतील अगदी छोटा भाग आहे. ठरलेल्या सॉकेटवर एक ओळ पाठविली की झाले. तरी डेबियन, फेडोरा इत्यादींनी ओपनएसएसएच या दूरप्रवेश-सेवेत त्यासाठी सिस्टिमडीचे संपूर्ण ग्रंथालय जोडले होते आणि त्या ग्रंथालयामागून ‘एक्सझेड’ हे संपीडनाचे ग्रंथालय आत येई. या एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेले चोरदार याच वाटेने दूरप्रवेश-सेवेपर्यंत पोहोचत होते. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते शोधून २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. तोपर्यंत ते मुख्यतः चाचणी-आवृत्त्यांतच पोहोचले होते. ओपनएसएसएचच्या जुलै २०२४ मधील ९.८ या आवृत्तीत तो निरोप बाहेरच्या कोणत्याही ग्रंथालयावाचून पाठविण्याची सोय करण्यात आली.