सुपारी आणि बिदागी

'सुपारी' हा शब्द आज वर्तमानपत्रात दिसला की वाचकाला खून आठवतो. पण बँडवाल्याच्या, कव्वालाच्या किंवा तमाशाच्या फडमालकाच्या घरी हाच शब्द अजून चूल पेटवतो. कार्यक्रम ठरला, तारीख पक्की झाली, थोडी रक्कम हातावर पडली, म्हणजे सुपारी मिळाली. कार्यक्रम संपल्यावर मानाने जे मिळते ती बिदागी. कलेचा इतिहास लिहिणारे घराणी, शैली, रसपरंपरा यांविषयी पुष्कळ लिहितात. सुपारी कुणी दिली आणि बिदागी पुरती मिळाली का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. आम्ही हा प्रश्न एका लहानशा टापूपुरता विचारून पाहणार आहोत.

हा टापू कल्याणच्या पुढचा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागत जातात. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला मलंगगडाची रांग. १८५६ साली कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे रेल्वे गेली आणि ही गावे मुंबईला जोडली गेली. सांस्कृतिक केंद्र म्हणून या गावांचे नाव कुणी घेत नाही. मुंबईच्या नाटक-सिनेमात काम करणारे, पण मुंबईत घर न परवडणारे लोक रात्रीच्या शेवटच्या गाडीने इथे येऊन निजतात, एवढीच ओळख. या ओळखीमागे मात्र जवळजवळ हजार वर्षांचा हिशेब आहे.

त्या हिशेबाची पहिली नोंद दगडावर आहे. वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्यावर शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाने सुरू केलेले हे काम मम्वाणीराजाच्या काळात पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. भूमिज शैलीच्या या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, अप्सरा आणि योगी दाटीवाटीने कोरलेले आहेत. एवढे काम काही दोनचार माणसांनी केलेले नाही. पाथरवटांच्या, मूर्तिकारांच्या टोळ्या वर्षानुवर्षे इथे राबल्या असणार. त्यांना धान्य, कापड, जमीन काहीतरी मिळत असणार. आज अंबरनाथच्या शाळेतल्या पोराला राजाचे नाव विचारले तर तो सांगेल. छिन्नी धरणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्याच्या पुस्तकात नाही.

इंग्रजी अमदानीत याच भिंतींनी आणखी एकदा कलाकारांना काम दिले. १८६८च्या सुमारास मुंबई सरकारने या मंदिराची मोजमापे, चित्रे आणि शिल्पांचे साचे करून घेतले. त्या कामावर मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतले विद्यार्थी होते. एका पारशी दानशूराच्या पैशाने उभ्या राहिलेल्या शाळेतली मुले, इंग्रज सरकारच्या खर्चाने, शिलाहारांच्या शिवमंदिराची चित्रे काढत होती. काम देणारा, काम करणारा आणि ज्याचे काम होते तो, हे तिघे एकाच धर्माचे असण्याची इथे गरज पडली नाही. पुढेही या टापूत हेच होत आलेले दिसते.

अंबरनाथहून दक्षिणेकडे पाहिले की मलंगगड दिसतो. गडावर हाजी अब्दुल रहमान ऊर्फ हाजी मलंग यांचा दर्गा आहे. हिंदू भाविकांपैकी अनेक जण त्याच जागेला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने आली. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात या घराण्याचे मूळपुरुष काशीनाथपंत यांची हकीकत आहे. १७८०नंतर दोन वर्षे इंग्रज या भागात होते. ते गेल्यावर पेशव्यांच्या वतीने काशीनाथपंतांनी पिराला मोती आणि किनखापाची चादर वाहिली. पुढे १८१७ साली व्यवस्थेवरून हिंदू-मुसलमानांत वाद झाला, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तीनही वेळा कौल केतकरांच्या बाजूने लागला, असे गॅझेटियर सांगते. १९५०च्या दशकात हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हाही दोन्ही धर्मांचे लोक भजतात असे हे मिश्र देवस्थान आहे, हीच गोष्ट नोंदली गेली.

या देवस्थानाची एक गोष्ट कलाकाराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. इथला उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे फिरत नाही. तो माघी पौर्णिमेला भरतो. त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी महाशिवरात्र येते आणि अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी यात्रा भरते. त्यानंतर महिनाभराने गुढीपाडवा आणि त्याला लागून सिंधी समाजाचा चेटीचंड येतो, तेव्हा उल्हासनगर झुलेलालच्या मिरवणुकांनी भरून जाते. म्हणजे दीड महिन्याच्या आत, चार-दोन कोसांच्या परिसरात, तीन मोठे मेळे. पुढे लग्नसराई. ज्याच्या खांद्यावर ढोल आहे किंवा ओठांना सनई आहे, त्याच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा या दिवसांत मिळतो. संदलच्या मिरवणुकीत वाजवणारा बँड शिवरात्रीच्या पालखीपुढे वाजवतो आणि चेटीचंडला बहराण्यापुढेही वाजवतो. तोच क्लॅरिनेट, तोच माणूस, बदलते ते फक्त गाणे. बँडच्या धंद्यात मुसलमान वाजंत्री मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची बहुतेक कमाई हिंदूंच्या वरातीतून येते, हे महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. चातुर्मासात मुहूर्त नसले की या मुसलमानाच्या घरची चूल मंदावते. पंचांगाशी त्याचे नाते असे पोटातून जुळलेले आहे.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी आणि जिव्हारी लागणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना एक ते पाच नंबरचे कॅम्प सांगतात.

या बराकींत व्यापारी आले तसे कलावंतही आले. सिंधमध्ये 'भगत' नावाचा लोककलाप्रकार होता. अंगात पायघोळ जामा, पायांत घुंगरू, आणि रात्रभर गाणे, नाचणे, कथा सांगणे. या कलेतले सर्वांत आदराचे नाव म्हणजे भगत कंवरराम. मैफलीत लोक जे पैसे देत ते ते गरजूंना वाटून टाकत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकात त्यांना धर्मांधांनी गोळ्या घातल्या. मारणारे आमच्या धर्माचे नाव घेणारे होते, हे आम्ही लपवता कामा नये. तितकेच खरे हेही की कंवरराम आयुष्यभर सिंधच्या सूफी कवींचे कलाम गात राहिले आणि त्यांच्या श्रोत्यांत मुसलमान बसत. घरदार गमावून आलेल्या हिंदू सिंधी गायकांनी शाह अब्दुल लतीफ आणि सचल सरमस्त यांची पदे सोबत आणली. ज्यांच्यापासून जीव वाचवून पळालो, त्यांच्या पीरफकिरांची गाणी टाकून द्यावीत, असे त्यांना वाटले नाही. आम्ही मराठी मुसलमानांनी ही गोष्ट नीट ऐकून ठेवावी.

पण गाणे आले तरी ते ऐकणारा गाव मागे राहिला होता. सिंधमध्ये भगताला बोलावणारे गावोगाव होते. इथे पहिली काही वर्षे लोक रेशन आणि छप्पर यांच्यामागे होते. पुढे दुकाने उभी राहिली, पैसा आला, लग्ने थाटात होऊ लागली, पण तोवर मुलांना सिंधी वाचता येईनासे झाले होते. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यामुळे भाषेला मान्यता मिळाली, रात्रभर भगत ऐकणारी मंडळी काही परत आली नाहीत. सुपारी देणारे उरले, पण त्यांना आता हिंदी सिनेमाची गाणी हवी होती.

या शहराने रोजगार दिला तो दुसऱ्या एका कलाकाराला. तो म्हणजे पाट्या रंगवणारा पेंटर. दुकानांचे शहर म्हणजे पाट्यांचे शहर. इथे देवनागरी, रोमन आणि सिंधीची अरबी लिपी, तिन्ही लागत. सिंधीची अक्षरे बावन्न, उर्दूपेक्षा कितीतरी अधिक, आणि ठिपक्यांचा खेळ अवघड. उर्दू किताबत शिकलेल्याला हे वळण लवकर जमे. पेंटर चौरस फुटावर पैसे घेई. आधी खडूने ओळी मारायच्या, मग अक्षरांचे सांगाडे, मग रंग, मग सावली. आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव. अंबरनाथच्या पाथरवटाला जे मिळाले नाही, ते या पेंटरने स्वतःच्या हाताने घेतले. दुकान मालकाचे, नाव पेंटरचेही.

अंबरनाथला कारखाने आले ते फाळणीच्या आधी. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ची. विमकोचा काड्यापेटीचा कारखाना १९२०च्या दशकातला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने वाढले. काड्यापेटीवरचे चित्र म्हणजे कुणीतरी सांगून काढून घेतलेले कामच. ते ज्या घरात एकही तसबीर नाही अशा घरातही जाऊन पोचले, पण त्यावर चित्रकाराचे नाव नसते. कारखान्यांनी कलेला दिले ते कामगार प्रेक्षकाच्या रूपाने. १९५३च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि मंडळाच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. पाळी संपवून तालमीला येणारा फिटर आणि टर्नर रंगमंचावर उभा राहिला. बार्शीचा मेहबूब पटेल शाहीर अमर शेख होऊन महाराष्ट्रभर गाजला, तो राजाश्रयावर नव्हे. वर्गणी काढून सभा भरवणारा गिरणी कामगार त्याचा आश्रयदाता होता. विमकोचा कारखाना पुढे बंद पडला, इतरही अनेक बंद पडले. कारखान्याला कुलूप लागले की नोकरी जाते हे सर्वांना दिसते. त्याच्याबरोबर नाटकमंडळी, भजनीमंडळ आणि गणपतीतल्या कार्यक्रमाची वर्गणीही जाते, याची नोंद कुठल्याच कामगार कार्यालयात होत नाही.

बदलापूरकडे सरकले की जुना आगरी मुलूख लागतो. इथल्या लग्नात धवलारीण लागते. ती धवळे गाऊन लग्नाचे विधी लावते. भटजीच्या आधीची ही बाई. साडी, तांदूळ आणि काही रुपये अशी तिची बिदागी. हळदीच्या रात्री बेंजो पार्टी येते आणि पहाटेपर्यंत गाव नाचते. आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत राहायला आलेल्यांना धवलारीण माहीत नाही, आणि गावातल्या नव्या सुनांना धवळे येत नाहीत.

२०२० साली या सगळ्यांची परीक्षा झाली. त्या वर्षी माघी पौर्णिमा झाली, शिवरात्र झाली, आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागली. चेटीचंडच्या मिरवणुका गेल्या, मागोमाग सगळी लग्नसराई गेली. घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागल्या. २०२१ साली राज्य सरकारने गरजू कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकवेळची मदत जाहीर केली. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना तर राज्यात १९५४-५५पासून आहे. २०२४पासून तिचे मानधन महिना ५ हजार रुपये झाले. योजना चांगल्या आहेत. पण अर्जासोबत कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात, आणि तिथे आमचा बँडवाला अडतो. वरातीत वाजवल्याचे प्रमाणपत्र नवरदेव देत नाही. संदलपुढे ढोल बडवल्याची पावती नसते. धवलारणीच्या नावाने पत्रिका छापली जात नाही. पेंटरचा पुरावा त्याच्या पाटीच्या कोपऱ्यात होता. साधारण २०००नंतर फ्लेक्स आले, जुन्या पाट्या भंगारात गेल्या आणि पुरावाही गेला.

गेल्या काही वर्षांत अंबरनाथच्या मंदिरापाशी मोठा कला महोत्सव भरू लागला आहे. देशभरातले नामांकित कलाकार येतात, याचा आम्हाला आनंदच आहे. आमचे म्हणणे इतकेच की त्याच मांडवात उल्हासनगरचा भगत, मलंगगडच्या पायथ्याचा कव्वाल, बदलापूरची धवलारीण यांनाही सुपारी मिळावी, तीही वेळेवर आणि लेखी. उल्हासनगरची महापालिका आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपरिषदा भिंती रंगवून घेतात, पुतळे बसवतात, देखावे करतात. त्या कामांच्या यादीत स्थानिक हाताचे नाव लिहिले गेले, तर म्हातारपणी तोच कागद त्याच्या अर्जाला जोडता येईल.

मागणी करताना आम्ही स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आम्ही आमच्या माणसांविषयी मराठीत लिहीत आलो. सगनभाऊ आणि अमर शेख ही नावे आम्ही प्रत्येक भाषणात घेतो. परंतु सगनभाऊ जातीने शिकलगार होते, हत्यारांना धार लावण्याचा धंदा होता त्यांचा, हे सांगून आम्ही पुढे जातो. गाण्यावर पोट किती भरत होते आणि धारेवर किती, हे विचारत नाही. मलंगगड कुणाचा यावर आज भाषणे होतात. माघी पौर्णिमेला तिथे चढून जाणाऱ्या ढोलकऱ्याचे नाव मात्र भाषण करणाऱ्या कुणालाच ठाऊक नसते.

ते नाव विचारून घेणे हे तरी आमच्या हातात आहे. पुढच्या उरुसाला जाणाऱ्याने वही घेऊन जावे. कोण वाजवतो, कुठून आला, कुणाकडून शिकला, वर्षात किती सुपाऱ्या मिळतात, एवढे चारच प्रश्न विचारावेत. खाली तारीख घालावी आणि त्या वहीवर त्याचीही सही घ्यावी.