छापणाऱ्याचे नाव

निवडणुकीच्या हंगामात उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या सोसायट्यांच्या दारांत पत्रकांचा खच पडतो. हात जोडलेला उमेदवार, डोक्यावर नेत्यांची रांग, खाली चिन्ह. एवढे लांबूनही दिसते. पण पत्रकाच्या तळाशी, कटिंगच्या वेळी पात्याखाली जाता जाता वाचलेली एक ओळ असते, डोळे बारीक करून वाचावी अशी: मुद्रक अमुक प्रेस, प्रकाशक तमुक, दोघांचे पत्ते आणि बहुधा प्रतींची संख्या. उमेदवाराला तिच्यात रस नसतो, मतदाराला तर नसतोच. रस सरकारला असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क सांगते की ही नावे नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रक उरणच्या प्रेसमध्ये छापले असेल तर त्याची प्रत आणि प्रकाशकाचे लेखी निवेदन अलिबागला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते.

या ओळीचे घराणे जुने आहे आणि त्याचे मूळपुरुष विलायतेत आहेत.

लंडनचा पुस्तकबाजार सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात भरे. घरांना नंबर नव्हते, म्हणून दुकानदार दारावर चित्राची पाटी टांगत. १५९३ साली शेक्सपिअरचे ‘व्हीनस अँड अडॉनिस’ निघाले. छापणारा रिचर्ड फील्ड, आणि पुस्तक मिळण्याचे ठिकाण सेंट पॉलच्या आवारातली पांढऱ्या शिकारी कुत्र्याची पाटी, असे त्याच्या नावपानावर आहे. कवीचे नाव त्या पानावर नाही! ते आत, अर्पणपत्रिकेखाली. गिऱ्हाइकाला कवी नाही सापडला तरी चालेल, दुकान सापडले पाहिजे, असा रोख हिशेब. त्या काळच्या ओळीत तीन माणसे येतात: ज्याने छापले तो, ज्याच्यासाठी छापले तो आणि ज्याच्याकडे मिळेल तो. मधला माणूस पैसे घालणारा. आजच्या प्रकाशकाचा तो पूर्वज. १६०४ च्या ‘हॅम्लेट’वर पहिल्या दोघांची नुसती आद्याक्षरे आहेत, दुकानाचा पत्ता मात्र पुरता दिला आहे.

म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी ही ओळ जाहिरात होती. राजाच्या लेखी ती माणूस पकडायची खूण होती. १६३७ साली स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने हुकूम काढला की छापणाऱ्याने आपले आणि लेखकाचे नाव पुस्तकावर घातलेच पाहिजे. हे नाव किती महागात पडू शकते हे १६६४ मध्ये जॉन ट्विन नावाच्या मुद्रकाला कळले. त्याच्या छापखान्यात राजद्रोही पुस्तकाची पाने सापडली, लेखक कोण हे त्याने सांगितले नाही, आणि लेखकाच्या वाटची फाशी त्याला झाली. तेव्हा अडचणीच्या पुस्तकावर खोटे नाव, खोटे गाव, खोटे साल घालण्याची कला मुद्रक शिकले यात नवल नाही. जिथे नाव सक्तीचे, तिथे खोटे नाव आलेच.

इंग्रजांनी ही ओळ हिंदुस्थानात आणली ती व्यापाऱ्याची म्हणून नव्हे, राजाची म्हणून. १७९९ च्या मे महिन्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात नियम केला की वृत्तपत्राच्या तळाशी मुद्रकाचे नाव हवे. दोन महिन्यांनी विलायतेच्या पार्लमेंटनेही सगळ्या छापील मजकुराला तसाच नियम लावला आणि नाव नसलेल्या दर प्रतीमागे वीस पौंडांचा दंड ठेवला. इकडे टिपू सुलतानशी लढाई, तिकडे फ्रेंच क्रांतीची धास्ती. दोन्हीकडची भीती एकच, म्हणून उपायही एकच.

मराठी छपाई मात्र या वाटेने आली नाही. तिच्या उगमाशी एक इंग्रज आहे खरा, पण तो ईस्ट इंडिया कंपनीचा नव्हे. विल्टशरचा जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांतून. पुढे दोनशे वर्षे मराठीत छापणे जवळजवळ नाहीच. १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले, १८१७ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी छपाई सुरू केली. तिथून खरी हालचाल.

मिशनच्या छापखान्यात हात तयार झालेले गणपत कृष्णाजी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापून मोकळे झाले. विटाळ मानणाऱ्यांसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. गंमत वाटते ती त्यांच्या नावाची. लंडनमध्ये तीन माणसांत वाटलेले काम इथे एकट्याचे: छापणारा तोच, पैसे घालणारा तोच, विकणाराही तोच. ‘गणपत कृष्णाजीच्या छापखान्यात छापिले’ एवढे म्हटले की झाले. लोकांनी छापखान्याला वेगळे नाव लावलेच नाही, मालकाचे नाव हाच शिक्का. पांढऱ्या कुत्र्याच्या पाटीची मुंबईत गरजच पडली नाही.

कायदा मागोमाग आला. हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफच्या १८३५ च्या कायद्याने परवान्याची कटकट काढली, पण मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण पुस्तकावर असलेच पाहिजे ही अट ठेवली. मग १८६७ चा २५ वा अॅक्ट. त्याच्या तिसऱ्या कलमात या ओळीचा साचा कायमचा ठरला: छापणाऱ्याचे नाव, छापण्याचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव, प्रकाशनाचे ठिकाण. शिवाय प्रती सरकारात दाखल करायच्या आणि सरकारने त्यांची तिमाही यादी काढायची. त्या यादीत पृष्ठे, आकार, प्रती, किंमत, शिळाछाप की टाइपाची छपाई, सगळे येई. १८५७ नंतरचे सरकार काय छापले जाते यावर डोळा ठेवून होते, हे उघड आहे. पण आपल्या प्रकाशकांनी या कायद्याचे हत्यार उलटे धरले. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘१८६७ च्या २५ व्या अॅक्टाप्रमाणे’ सर्व हक्क स्वाधीन ठेवल्याचे मोठ्या ऐटीत छापलेले दिसते. सरकारने पाळतीसाठी केलेला कायदा पुस्तकचोराला दम भरायला कामाला आला.

या ओळीचा सगळ्यात सुंदर अवतार पाहायचा तर निर्णयसागरचे जुने संस्कृत पुस्तक उघडावे. जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली शिकले, १८६४ मध्ये त्यांनी टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. पुढच्या पिढ्यांच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी आणि पत्ता कोलभाट लेन, काळबादेवीजवळची. त्याच जागी एक नाव वर्षानुवर्षे येते: मुद्रक रामचंद्र येसू शेडगे. हा माणूस कवी नव्हता, टीकाकार नव्हता, मालकही नव्हता. तरी जगभरच्या ग्रंथालयांत, जिथे जिथे निर्णयसागरची काव्ये आणि नाटके पोचली, तिथे शेडग्यांचे नाव पोचले. ते पोचवले कलम तीनने. माझ्या मते त्या कायद्याच्या हातून घडलेले हे सर्वांत मोठे पुण्य, आणि तेही नकळत.

याच ओळीने माणसाला कोर्टातही उभे केले. १८९७ मध्ये ‘केसरी’वर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा आरोपी एकटे टिळक नव्हते. मुद्रक केशव महादेव बाळही त्यांच्या शेजारी होते. टिळकांना अठरा महिने झाले, बाळ सुटले. खटला टिळकांचा म्हणून आपल्याला पाठ, बाळांचे नाव कुणाला आठवत नाही.

आता मूळ पत्रकाकडे. १२७-क मधली शिक्षा आणि १८६७ च्या कायद्याची १९२२ मध्ये सौम्य केलेली शिक्षा शेजारी ठेवून पाहा: सहा महिने आणि दोन हजार रुपये, दोन्हीकडे तेच. नाक-डोळे बापाचे, म्हणतात तसे. मात्र बाप आता हयात नाही. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ चा अॅक्ट रद्द केला, हा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्यात नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. म्हणजे वर्तमानपत्राच्या तळाची ओळ राहिली, निवडणुकीच्या पत्रकावरची राहिली; कादंबरी किंवा कवितासंग्रहावर मुद्रकाचे नाव घालण्याची ती जुनी सक्ती मात्र गेली.

पाळत गेली, चांगले झाले. पण शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘ग्रंथसूची’ केली, तेव्हा कोणत्या गावात कोण छापत होते हे कळायला याच ओळीचा आधार होता. आज मागणीप्रमाणे दहा-दहा प्रती छापून देणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात नावपानामागे नुसते ‘भारतात मुद्रित’ एवढेच दिसू लागले आहे. भारतात कुठे? कुणी? मराठी प्रकाशकांना विनंती एवढीच की सक्ती नसली तरी मुद्रकाचे नाव आणि गाव छापत जा. जागा अर्ध्या ओळीची लागते, पैसा एकही लागत नाही.