कोष्टकातील रंग व त्यांच्या सीमा

आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात रंगाने निकाल सांगणारे पहिले कोष्टक येते ते शाळेच्या गुणपत्रकाच्या रूपाने. गणितात ३४ गुण पडले की मास्तर त्या आकड्याखाली लाल रेघ ओढीत. ३५ पडले की तोच आकडा काळ्या शाईत निमूटपणे उभा राही. अंतर एका गुणाचे. पण घरी वडील गुण वाचीत नसत, लाल रेघा मोजीत. ज्या घरांत कोणालाच वाचता येत नसे, तेथेही लाल रेघ कळे. रंगाचे सामर्थ्य ते हेच. तो निरक्षरालाही निकाल सांगतो; मात्र पस्तिसाचीच सीमा का आणि ती कोणी घातली, हे साक्षरालाही सांगत नाही. आकड्याच्या किमतीप्रमाणे कोष्टकाची घरे रंगविण्याची ही रीत कोठून आली आणि कष्टकऱ्याच्या घरापर्यंत कशी पोहोचली, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

आमच्या जुन्या पोथ्यांत रंग दोन कामांसाठी येत असे. अध्यायाची समाप्ती, 'उवाच' हे शब्द, दंडाच्या रेघा हिंगुळाने लाल करीत. आणि चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकीत. एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथलाच. (आम्हां कामगारांचा हरताळ निराळा. तो हाट म्हणजे बाजार आणि ताळे म्हणजे कुलूप यांपासून आला, असे सांगतात. वरिष्ठांनी लिहिलेले पुसण्याची सोय दोहोंतही आहे, एवढे साम्य आम्हांस पुरे.) परंतु पोथीतला रंग मजकुराची जागा दाखवितो, आकडा लहान की मोठा, हे तो सांगत नाही.

मराठी माणसाच्या घरातले सर्वांत जुने छापील कोष्टक म्हणजे पंचांग. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत ते शिळाछापावर काढले. तिथी, वार, नक्षत्र, घटी, पळे यांची ती रांग काळ्या शाईतच राहिली, आणि त्याचे कारण धर्मात नाही, छापखान्यात आहे. खिळे जुळवून छापण्याच्या काळात कोष्टक हे जुळाऱ्याच्या कपाळावरचे आठीचे काम. उभ्या-आडव्या पट्ट्या, प्रत्येक घरात आकडा, उरलेल्या जागेत कोरे ठोकळे. एक पट्टी हलली की सारा फर्मा ढिला. लंडनच्या जुळाऱ्यांच्या जुन्या दरपत्रकात कोष्टकाच्या जुळणीला साध्या जुळणीच्या दुप्पट दर असे, तो उगाच नव्हे. त्यात दुसरा रंग हवा असेल, तर ज्या घरांना तो द्यायचा ते आकडे फर्म्यातून उपसायचे, तेथे ठोकळे भरायचे, काळी छपाई करायची. मग उपसलेले आकडे त्याच जागी बसवून तोच कागद पुन्हा यंत्रात घालायचा. कागद केसभर सरकला, तर लाल आकडा शेजारच्या घरात जाऊन बसे. एवढा खर्च करून कोणी रंग भरी तो वर्षातून एकदाच, दिनदर्शिकेसाठी.

त्या दिनदर्शिकेपाशी आम्ही थोडे थांबतो. 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले आणि घरोघरी भिंतीवर गेले. त्यात रविवारचे आकडे लाल. आज लहान मुलालाही हा रंग निसर्गाने दिल्यासारखा वाटतो. पण मुंबईच्या गिरणीत रविवार लाल नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली. ती मिळाली १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे अर्ज, सह्या आणि सभा यांत गेली. भिंतीवरच्या त्या उभ्या लाल ओळीत आमच्या वाडवडिलांनी मागून घेतलेली एक सीमा आहे. कामगारांनी स्वतः भरलेला कोष्टकातला रंग आम्हांस तरी हा एकच ठाऊक आहे. बाकीचे सारे रंग त्यांच्यावर भरले गेले.

त्याचा आरंभ कागदावर नव्हे, लाकडावर झाला. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेन यांनी १८०० साली हाती घेतला. प्रत्येक कामगाराजवळ त्यांनी एक चौकोनी लाकडी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजू चार रंगांच्या: काळी म्हणजे वाईट, निळी म्हणजे बेताची, पिवळी म्हणजे चांगली, पांढरी म्हणजे उत्तम. कालची वर्तणूक जशी, ती बाजू आज पुढे. रंगांना ४, ३, २, १ असे अंक होते आणि ते रोज वर्तनवहीत चढत. ओवेन हे कामगारांचे हितकर्ते. त्यांनी मारझोड बंद केली. तरीही मालकाने नुसते विभागातून चालत जावे आणि शेकडो माणसांचा निकाल डोळ्यांनी वाचावा, ही युक्ती त्यांचीच. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. अंक वहीत चढण्यापूर्वी, देखरेख करणाऱ्याने अन्याय केला असे वाटल्यास, ओवेनकडे गाऱ्हाणे नेण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला होता. रंग पक्का होण्याआधी दाद! पुढच्या दोनशे वर्षांत या ठोकळ्याची नक्कल अनेकांनी केली, या हक्काची फार थोड्यांनी.

कागदावरचे खरेखुरे रंगीत कोष्टक दाखविले पॅरिसने. तुसाँ लुआ या आकडेशास्त्रज्ञाने १८७३ साली त्या शहराच्या लोकसंख्येचा एक मोठा ग्रंथ काढला. शहराचे २० विभाग. जन्मस्थान, धंदा, वय, सामाजिक वर्ग अशा बाबींचे ४० नकाशे. ते चाळीस नकाशे कोण डोक्यात ठेवणार? म्हणून त्याने सर्वांचा गोषवारा एका कोष्टकात आणला आणि घरांत आकडे न लिहिता रंग भरले: कमीसाठी पांढरा, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत जास्त तेथे लाल. श्रीमंत विभाग कोणते व मजुरांचे कोणते, हे पानावर एक नजर टाकताच उमगे.

लुआचे काम हातांचे होते. आज तेच यंत्र करते. डोनाल्ड नुथ या गणितज्ञाला १९७७ साली आपल्याच ग्रंथाची नवी छापील पाने इतकी वाईट दिसली की त्याने जुळणीची स्वतःची संगणकभाषा रचली. तिचे नाव टेख. तिच्या पुढच्या पिढ्यांत जुळारी कोष्टकाच्या घराला नुसता आकडा देत नाही, आज्ञा देतो: आकडा अमुकाहून लहान असेल तर हा रंग, मोठा असेल तर तो, किंवा चाळीस भाग लाल आणि साठ भाग पांढरा मिसळ. आकडा बदलला की छपाईत रंग आपोआप बदलतो. कचेऱ्यांतून हीच सोय १९९७ च्या एक्सेलने आणली, तीनच अटींची. २००७ पासून उतरत्या-चढत्या छटाही आल्या. जो खर्च शंभर वर्षे छापखान्याला आवरून धरीत होता तो संपला, आणि त्याबरोबर संयमही संपला.

या आज्ञेत एक मेख आहे. ती आमच्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने सांगतो. आकडे समजुतीसाठी गोल धरले आहेत. बारा तालुक्यांचा पाऊस एका कोष्टकात मांडला. गगनबावड्याला ६००० मिलिमीटर, करवीरला १०००, शिरोळला ५००. सर्वांत कमी तेथे पांढरा, सर्वांत जास्त तेथे गडद निळा, मधल्यांना प्रमाणात छटा, अशी आज्ञा दिली. शिरोळ पांढरे झाले. करवीरला शिरोळच्या दुप्पट पाऊस असूनही निळ्याचे जेमतेम नऊ टक्के आले, म्हणजे डोळ्याला तेही पांढरेच. एका गगनबावड्याने सगळा रंग पिऊन टाकला. उलट, क्रमांकाप्रमाणे छटा द्याव्यात, तर दोन-चार मिलिमीटरच्या फरकाने शेजारचे तालुके निरनिराळे दिसू लागतात. आकडे खरेच, दोन्ही कोष्टके खरीच. आणि दोन्ही पाहून उठणारी माणसे मात्र निरनिराळी मते घेऊन घरी जातात.

पावसाचा विषय निघालाच आहे. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले; त्या इमारतीला आजही सिमला ऑफिसच म्हणतात. हे खाते जिल्ह्याचा पाऊस सरासरीशी ताडून वर्ग पाडते. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सर्वसाधारण, रंग हिरवा. उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट, रंग लाल. उणे ६० च्याही खाली म्हणजे मोठी तूट. त्याचा रंग पिवळा! शेतकऱ्याचा डोळा लाल पाहून दचकतो आणि पिवळा पाहून सावरतो. येथे पिवळ्याखालचा माणूस लालाहून अधिक होरपळलेला असतो. बरे, ती सरासरी तरी स्थिर आहे काय? देशाची मोसमी पावसाची सरासरी १९६१–२०१० या वर्षांवरून ८८०.६ मिलिमीटर धरीत. २०२२ पासून १९७१–२०२० वरून ती ८६८.६ झाली. शास्त्राला हे करावेच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण समजा एखाद्या जिल्ह्याची सरासरी नेमकी एवढीच उतरली आणि तेथे ७०० मिलिमीटर पाऊस पडला. जुन्या मापाने तूट साडेवीस टक्के, घर लाल. नव्या मापाने साडेएकोणीसच्या आत, घर हिरवे. आभाळातून एक थेंब अधिक पडला नाही.

याच तऱ्हेने २०२० साली माणसांच्या पोटावर रंग पडला. करोनाच्या साथीत केंद्राने ३० एप्रिल रोजी जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रात १४ जिल्हे लाल, १६ नारिंगी, ६ हिरवे. कोल्हापूर नारिंगी, सांगली नारिंगी, सातारा लाल, सिंधुदुर्ग हिरवा. केंद्राच्या आदेशाप्रमाणे लाल भागात रिक्षा नाही, बस नाही, न्हाव्याचे दुकान नाही; हिरव्यात निम्म्या आसनांची बस चालणार. रिक्षावाल्याला रोगाचे आकडे कोणी समजावले नाहीत. त्याला रंग कळविला गेला. आणि हिरव्याची व्याख्या? आधी २८ दिवस नवा रुग्ण नको असे होते, या यादीच्या वेळी ते २१ दिवस झाले. सात दिवसांचा हा फरक म्हणजे हातावर पोट असलेल्याची एका आठवड्याची चूल. साथीच्या घाईत सीमा हलवावी लागते, हे आम्हांस मान्य आहे. ती हलविल्याचे रिक्षाथांब्यावर वाचायला मिळत नाही, हे मान्य नाही.

कारखान्यांतून हा प्रकार आता रोजचा आहे. एका ओतकाम कारखान्यात दरमहा भिंतीवर तक्ता लागे: कामगाराचे नाव, नग, नाकारलेल्या नगांचे टक्के, आणि शेवटचे घर हिरवे, पिवळे किंवा लाल. तीन महिने लाल, की कानउघाडणीचे पत्र. एका महिन्यात लाल घरे एकदम वाढली. वाळू तीच, भट्टी तीच, माणसे तीच. युनियनने तक्त्याची प्रत मागितली तेव्हा झेरॉक्स मिळाली. तीत लाल आणि हिरवे दोन्ही सारखेच करडे! रंग गेल्यामुळे शेवटी टक्केच वाचावे लागले, आणि ते वाचताच दिसले की लालाची सीमा गुपचूप एक टक्का खाली आली होती. पुढच्या वाटाघाटींत आम्ही वेतनाबरोबर एक लहानसे कलम मागितले: तक्त्याखाली प्रत्येक रंगाची सीमा व ती ठरविल्याची तारीख छापावी, आणि लाल घर नोंदवहीत चढण्यापूर्वी त्या कामगाराचे म्हणणे ऐकावे. ओवेनचे नाव आम्ही घेतले नाही. मालकांना तो कामगार पुढारी वाटला असता. चार बैठकांनंतर कलम मान्य झाले. सीमा आता छापली जाते. व्यवस्थापनाने आपल्याकडून एकच बदल केला: लाल रंग फार झोंबतो म्हणून तो गुलाबी केला.