तोंडावरची पावडर : सफेद्यापासून पारदर्शकतेपर्यंत

खानदेशांत सावदा म्हटलें कीं केळीं आठवतात. तेथील स्थानकावरून केळ्यांच्या वाघिणी भरून उत्तरेकडे गेल्या, त्यांनींच या गांवाचें नांव दूरवर नेलें. केळ्याच्याच नांवाची एक तोंडाला लावावयाची पावडर आज बाजारांत मिळते. तींत बहुधा केळ्याचा अंशही नसतो; फिक्या पिवळ्या छटेवरून तिला हें नांव पडलें. ती पारदर्शक पावडरींच्या कुळांतली. त्वचेचा रंग झांकणें हें या पावडरींचें काम नव्हे; तेलकट चकाकी तेवढी त्या घालवितात. एवढी साधी गोष्ट साधण्यापूर्वीं मनुष्यानें शतकानुशतकें तोंडाला विष फांसलें.

तें विष म्हणजे शिशाचा सफेदा. तो थोडक्यांत पुष्कळ झांकतो, त्वचेला घट्ट चिकटतो आणि दिव्याच्या उजेडांत खुलतो. इंग्लंडांतील प्रसिद्ध सुंदरी मारिया गनिंग १७६० सालीं अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं वारली, तेव्हां ती सफेद्याचाच बळी असें लोकांनीं मानलें. आपल्याकडेही नटांच्या रंगांत सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग हे पदार्थ असत. पैकीं हिंगूळ पाऱ्याचा, मुरदाडशिंग शिशाचें. ज्यांचें बालपणींचें कांहीं शिक्षण जळगांवीं झालें, ते बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत आले. पुरुषांनींच स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ. दाढीची निळसर छाया झांकावयाची तर थर जाड हवा. आणि थर जितका जाड तितका अशा पदार्थांचा धोका मोठा.

बर्लिन येथें लुडविग लाइश्नर या गायक नटानें १८७३ सालीं शिसें नसलेल्या तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला. विष गेलें, पण नवी अडचण आली : तेलकट रंग चकाकतो आणि घामानें ओघळतो. त्यावर कोरडी पूड हलकेच दाबली म्हणजे तो जागीं बसतो. मराठी गृहिणीला हें कोणी शिकवावयास नको होतें. कपाळीं आधीं मेणाचा ठिपका आणि त्यावर कोरडें कुंकू, ही तिची रोजची रीत त्याच तत्त्वावर उभी होती.

परंतु पूड पांढरी असून दिसत कां नाहीं? तेलाचा डाग पडलेल्या कागदांतून उजेड आरपार दिसतो, त्यांत याचें उत्तर आहे. शंखजिऱ्याचा वक्रीभवनांक सुमारें १.५८ आणि त्वचेवरील तेलाचा सुमारें १.४७. अंतर थोडें असल्यामुळें तेलांत भिजलेलें शंखजिरें जवळजवळ अदृश्य होतें. जस्ताच्या सफेद्याचा अंक २ च्या घरांत. तो तेलांतही पांढराच राहतो.

या गुणामुळें पारदर्शक पावडर एकाच कामापुरती उरली नाहीं. काजळ घालण्यापूर्वीं डोळ्यांखालीं ती जरा जास्त पसरली तर गळलेले कण तिच्यासकट झटकतां येतात. ओठांच्या रंगावर पातळ कागद ठेवून वरून ती फिरविली म्हणजे रंग टिकतो. केसांच्या मुळांशीं लावली तर तेल शोषते. मात्र सर्वत्र मात्रा चिमटीची. मुठीनें लावणाऱ्यांना ती पारदर्शक राहत नाहीं.

शंखजिऱ्यालाही आतां संशयानें घेरलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०२४ सालीं त्याची गणना मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. मक्याचें सत्त्व आणि सिलिकाची अतिसूक्ष्म पूड हे पर्याय आहेत. पण सिलिका कॅमेऱ्याच्या झगझगाटांत एकदम पांढरी उमटते, आणि लग्नाच्या छायाचित्रांत नवरीच्या डोळ्यांखालीं पिठाचे हात लागल्यासारखें दिसतें.

गोऱ्या कांतीवर जी पूड खरोखर दिसत नाहीं, ती गव्हाळ वा सांवळ्या कांतीवर राखेसारखी दिसते. ‘पारदर्शक’ हें नांव देतांना कारखानदारांच्या डोळ्यांपुढें बहुतकरून गोरीच कांति होती. गव्हाळ वर्णावर पिवळसर छटा ही राख मारते. अधिक सांवळ्या वर्णाला मात्र तीही फिकी पडते, आणि तेथें मधाळ किंवा तपकिरी छटेचीच पूड घ्यावी लागते.