परक्या घरी राहिलेले शब्द

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हा तालुका कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. अशा मुलुखात 'कोणी कोणाचा शब्द घेतला' हा वाद निघाला की भाषाशास्त्र बाजूस राहते आणि अभिमान पुढे सरसावतो. देणारा तो थोर आणि घेणारा तो याचक, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे?

आपला 'पोट' हा अगदी घरचा शब्द घ्या. संस्कृतात तो सापडावयाचा नाही. तेथे 'उदर' आहे. प्राकृतात मात्र 'पोट्ट' आहे, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या 'देशीनाममाले'त तो देशी म्हणून नोंदला आहे. अभ्यासक त्याचे मूळ द्राविडी मानतात. पण आज कानडी माणसास पोटाचे नाव विचारा, तो 'होट्टे' म्हणेल! कारण असे की, सुमारे दहाव्या शतकापासून पुढे कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा हळूहळू 'ह' झाला. दुधाचे 'पाल्' होते त्याचे 'हालु' झाले, पंपेची हंपी झाली आणि 'पोट्टे'चे 'होट्टे'. आपल्याकडे तो शब्द त्यापूर्वीच येऊन राहिला होता, म्हणून त्याचा 'प' वाचला.

हाच प्रकार दूर फिनलंडात अधिक नवलाने दिसतो. फिनिश ही इंडो-युरोपीय कुळाबाहेरची भाषा. तिच्या पूर्वज भाषेने फार प्राचीन काळी जर्मानिक शेजाऱ्यांकडून राजा या अर्थाचा शब्द घेतला. तो आजही 'कुनिंगस' असाच आहे. मूळ धन्यांच्या घरी मात्र त्याची झीज होऊन इंग्रजीत 'किंग' आणि जर्मनात 'क्योनिग' उरले. आद्य जर्मानिक रूप 'कुनिंगझ' असावे असे पंडित तर्काने ठरवितात. कोठेही लिहिलेले न सापडल्यामुळे ते तारा घालून छापतात. त्या तर्काला फिनिश शब्दाचा शेवटचा 'स' भक्कम साक्ष देतो. अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास डेन्मार्कच्या व्हिल्हेल्म थॉमसेन यांनी 1869 साली प्रसिद्ध केला. देणाऱ्याचा इतिहास घेणाऱ्याच्या घरी शोधावा लागतो, तो असा.

मात्र मराठीने यावरून फार फुशारकी मारू नये. आरंभीचा 'प' आपण राखला खरा. मधल्याची गत पाहा. दीपाचा आपण दिवा केला. आणि कवठे या नावात ज्याचा ध्वनी ऐकू येतो, ते कवठ म्हणजे संस्कृतातील कपित्थ!