५ डिसेंबर १९६५ : द गॉल दुसऱ्या फेरीत
फ्रान्सचे अध्यक्ष थेट जनतेने निवडावेत, ही तरतूद शार्ल द गॉल यांनीच १९६२मध्ये सार्वमत घेऊन आणली. त्यानुसार झालेल्या पहिल्याच निवडणुकीत त्यांची दमछाक झाली. प्रचार करणे जनरलसाहेबांना कमीपणाचे वाटले असावे. टीव्हीवरचा हक्काचा वेळही त्यांनी जवळपास वायाच घालवला. तोच पडदा मध्यममार्गी ज्याँ लकान्युए यांनी गाजवला आणि साडेपंधरा टक्के मते नेली. द गॉल ४४.६५ टक्क्यांवर अडकले, डाव्यांचे फ्रांस्वा मितराँ ३१.७२वर. बहुमत हुकले! मग मात्र जनरल मुलाखतींसाठी मुकाट कॅमेऱ्यासमोर बसले. १९ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत ५५.२ टक्के मते घेऊन ते जिंकले. मितराँ १९८१मध्ये अध्यक्ष झाले, तेही तेव्हाचे अध्यक्ष जिस्कार देस्ताँ यांना दुसऱ्या फेरीत हरवून.